चूक दाखव, दुरुस्त करू नकोस: जर्मनच्या लेखी पेपरसाठी ईमॅक्स आणि एआय

मॅक्स म्युलर भवनाकडून घेतल्या जाणाऱ्या जर्मनच्या ग्योथे-झर्टिफिकाट बी१ (मध्यम पातळी) परीक्षेचे चार भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येक भाग १०० गुणांचा असतो आणि पास व्हायला ६० लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. इथे मांडलेल्या प्रकरणात वाचन ७८, श्रवण ६७, संभाषण ७३ आणि लेखन ५१ असा निकाल होता. म्हणजे भाषा येत होती, पण ती कागदावर नीट उतरत नव्हती.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जर्मन यंत्रांशी काम करणारे आणि सोबत जर्मन शिकणारे बरेच जण असतात. त्यांच्या नेहमीच्या अडचणी एका व्यक्तीत एकत्र आणल्या आहेत, आणि आकडे या मांडणीपुरते आहेत. व्यक्ती अशी: कळव्यात राहणारी, रबाळे एमआयडीसीत यंत्रांच्या चाचणीचे प्रोग्रॅम लिहिणारी अभियंता, मराठी माध्यमातली, पुढचं शिक्षण इंग्रजीत. कामासाठी ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर (मजकूर लिहायचा प्रोग्रॅम) पाच वर्षं वापरतेय. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्याने ईमॅक्स कधी उघडलेलं नाही त्याने परीक्षेच्या बारा आठवडे आधी ते शिकायला घेऊ नये. दोन आघाड्यांवर लढताना दोन्हीकडे हरायला होतं.

आधी काय चाललं होतं

पहिल्या परीक्षेआधी तिने एआयचा भरपूर वापर केला होता, पण तो ब्राउझरमध्ये. पत्र लिहायचं, चॅटमध्ये टाकायचं, ‘हे सुधारून दे’ म्हणायचं. समोरून गुळगुळीत पत्र यायचं, ते वाचून ‘अच्छा, असं होय’ वाटायचं आणि टॅब बंद व्हायची. शिवाय एआयकडून सहाशे शब्दांची फ्लॅशकार्डं करून घेतली होती. बी१ ची अधिकृत शब्दसूची सुमारे २४०० नोंदींची आहे, त्यातले हे सहाशे.

दोन्हींत एकच खोट होती. सुधारलेलं पत्र एआयचं होतं आणि कार्डंही एआयची. तिची स्वतःची चूक कुठेच नोंदली जात नव्हती. सुधारलेल्या पत्रात तर चूक पुसलेलीच असते, त्यामुळे तीच चूक पुढच्या आठवड्यात आली तरी ती जुनी आहे हे कळायला मार्ग नाही. त्यातून एआयने दिलेली वाक्यं बी१ च्या वरची असायची, लांबलचक आणि अलंकारिक. परीक्षेत तसं लिहायला गेलं की तिसऱ्या शब्दावर गाडी रुळावरून घसरते.

निदान

कुठलंही साधन बसवण्याआधी तिने मदतीशिवाय लिहिलेली १४ जुनी पत्रं गोळा केली. मिळून साधारण ११०० शब्द भरले. क्लासमधल्या शिक्षिकेने त्यातल्या चुका मोजून पाच खुणांत बसवल्या. एकूण चुका १३१. लिंग आणि विभक्ती ५८, शब्दक्रम २९, शब्दयोगी अव्ययं १९, क्रियापदाचं रूप १४, चुकीचा शब्द ११. म्हणजे दर शंभर शब्दांमागे बारा चुका.

या आकड्यांपेक्षा चुका कुठून आल्या ते बघण्यासारखं आहे.

‘मला वेळ नाही, कारण मला काम करावं लागतं’ हे तिने लिहिलं: ‘इश हाबं काइनं त्साइट, वाइल इश मुस आर्बाइटन.’ ‘वाइल’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात चालवलेलं क्रियापद शेवटी जातं, म्हणून ‘वाइल इश आर्बाइटन मुस’ हवं. गंमत अशी की मराठीतही क्रियापद शेवटीच असतं. ‘कारण मला काम करावं लागतं’ यातलं ‘लागतं’ जिथे आहे तिथेच जर्मनमधलं ‘मुस’ बसतं. चूक मराठीमुळे झाली नाही, ती इंग्रजीतून झिरपली. ‘मला थंडी वाजतेय’ याचंही तेच: तिने लिहिलं ‘इश बिन काल्ट’, म्हणजे इंग्रजीतल्या ‘आय अ‍ॅम कोल्ड’ची नक्कल. जर्मन म्हणतात ‘मिर इस्ट काल्ट’. यातलं ‘मिर’ म्हणजे नेमकं आपलं ‘मला’.

मराठी पायाखाली असताना ती इंग्रजीच्या दोरीवरून चालत होती, कारण पुस्तक इंग्रजीत, क्लास इंग्रजीत आणि एआयशी बोलणंही इंग्रजीत.

लिंगाच्या बाबतीत मात्र उलटं. ‘तुझ्या आमंत्रणाने आनंद झाला’ यासाठी तिने ‘इश फ्रॉयं मिश यूबर डाइन आइनलाडुंग’ लिहिलं. ‘आमंत्रण’ मराठीत नपुंसकलिंगी, म्हणून हाताने आपसूक नपुंसकलिंगी ‘डाइन’ लिहून टाकलं. जर्मनमध्ये ‘-उंग’ने संपणारी अशी नामं स्त्रीलिंगी, म्हणून ‘डाइनं आइनलाडुंग’. ५८ पैकी ३४ चुका निव्वळ लिंगाच्या होत्या आणि त्यातल्या २३ ठिकाणी निवडलेलं लिंग मराठी शब्दाचं निघालं. हा आकडा ताणू नये. लिंगं तीनच, चुकायचंच म्हटलं तर दोन पर्याय उरतात, आणि योगायोगानेही निम्म्याच्या आसपास जुळणी झालीच असती. पण खिडकी, दार, खुर्ची, आमंत्रण असे रोजचे शब्द पुन्हा पुन्हा त्याच बाजूला पडत होते, तेव्हा दुर्लक्ष करण्यासारखंही नव्हतं.

मांडणी

तीन भाग लागले: मथळ्यांखाली नोंदी ठेवण्यासाठी ईमॅक्समध्ये मुळातच असलेला ऑर्ग मोड, एआय मॉडेलशी बोलण्यासाठी ‘जीपीटेल’ हे पॅकेज, आणि ऑर्गमधल्या नोंदी अंकी या फ्लॅशकार्डांच्या प्रोग्रॅममध्ये ढकलण्यासाठी ‘अंकी-एडिटर’. अंकीच्या बाजूने ‘अंकीकनेक्ट’ हे जोडसाधन बसवावं लागतं, त्याचा कोड २०५५४९२१५९. ते आपल्याच संगणकावर ८७६५ या पोर्टवर ऐकत बसतं. अंकीचा प्रोग्रॅम उघडा नसेल तर ढकलणं फसतं, आणि पहिल्या आठवड्यातल्या निम्म्या तक्रारी एवढ्याच असतात.

सगळा कारभार एका फाइलीत: ‘चुका’. एक चूक म्हणजे एक मथळा. मथळ्यात चुकीचं वाक्य जसंच्या तसं, खाली दुरुस्त वाक्य, त्याखाली कारणाची एक ओळ मराठीत, आणि मथळ्याला पाचपैकी एक खूण. तारीख ऑर्ग-कॅप्चर, म्हणजे ऑर्गमधली झटपट नोंदीची सोय, आपोआप टाकतं. नोंदीच्या साच्याला एक कळ बांधली की पत्राच्या मधोमध असतानाही खिडकी उघडते, नोंद होते, खिडकी मिटते आणि कर्सर होता तिथेच राहतो. साधा मजकूर असल्यामुळे शोधणं, मोजणं, क्रम लावणं सगळं तिथल्या तिथे होतं. ईमॅक्सचा खरा उपयोग हा. एआय तर आज कुठेही मिळतं.

टायपिंगचा प्रश्न छोटा असला तरी रोज छळणारा. ईमॅक्समध्ये ‘जर्मन-पोस्टफिक्स’ ही लेखनपद्धत असते: ए आणि ई लागोपाठ दाबले की टिंबांचा ए उमटतो, ओ आणि यू यांचंही तसंच. कंट्रोल-बॅकस्लॅशने ती चालू-बंद होते. अडचण तिथे येते जिथे शब्दात यू आणि ई खरोखरच शेजारी आहेत. ‘आक्टुएल’ टाइप करायला जावं तर टिंबांचा यू येऊन शब्द बिघडतो. अशा वेळी ई दोनदा दाबायची, म्हणजे अक्षरं सुटी राहतात. मराठी ओळीसाठी ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ आहेच; आधी कंट्रोल-यू आणि मग कंट्रोल-बॅकस्लॅश दाबलं की पद्धत बदलता येते. एक सूचना: ऑर्गच्या तक्त्यांत देवनागरी भरू नये. अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने रकाने वेडेवाकडे होतात. मथळे आणि साध्या ओळी पुरतात.

एआयची किल्ली, म्हणजे एपीआय की (सेवा वापरायचा गुप्त संकेत), सेटिंगच्या फाइलीत लिहायची नाही. बरेच जण ती फाइल गिटवर (कोड साठवायची व्यवस्था) ठेवतात आणि किल्ली जगजाहीर होते. ईमॅक्सची ‘ऑथइन्फो’ फाइल त्यासाठीच आहे. ती कूटबद्ध करून ठेवावी. जीपीटेल किल्ली तिथून उचलतं.

लाल पेन

मुख्य बदल एआयला दिलेल्या कामात झाला. लिहून देणं बंद, सुधारून देणंही बंद. पहिल्या फेरीत फक्त चूक कुठे आणि कुठल्या जातीची, एवढंच. जीपीटेलमध्ये अशा कायमच्या सूचना नाव देऊन साठवता येतात. तिची सूचना अशी होती:

«तू जर्मन बी१ च्या लेखनाचा परीक्षक आहेस. फक्त व्याकरणाच्या आणि चुकीच्या शब्दाच्या चुका दाखव. शैली, सौंदर्य, पर्यायी रचना यांवर काही बोलू नकोस. प्रत्येक चुकीला एक ओळ: वाक्याचा क्रमांक, चुकलेला शब्द जसाच्या तसा, मग खूण. खुणा पाचच: लिंवि, क्रम, अव्यय, क्रिया, शब्द. बरोबर रूप सांगू नकोस. खात्री नसेल तर ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाक. बरोबर वाक्याबद्दल काही लिहू नकोस. कौतुक नको, सल्ला नको.»

‘कौतुक नको’ हे गमतीने घातलेलं नाही. मॉडेलं सुरुवातीला पाठ थोपटतात आणि शेवटी उपदेश करतात; रोज दोनदा ते वाचण्यात वेळ जातो आणि चुकांच्या ओळी त्यात बुडतात.

सूचना दिली तरी पहिले काही दिवस मॉडेल मधूनच बरोबर रूप सांगून टाकायचं. मदत करण्याची सवय नुसत्या नकाराने जात नाही. उपाय साधा निघाला: सूचनेखाली एक नमुना जोडला. दोन चुका असलेलं एक वाक्य, आणि त्याखाली अपेक्षित उत्तराच्या दोन ओळी. नमुना दिसल्यावर मॉडेल त्याच साच्यात उत्तर द्यायला लागलं. जिथे मॉडेल टेंपरेचर (उत्तरं किती बदलती असावीत ते ठरवणारा आकडा) बदलू देतं तिथे ते ०.२ च्या आसपास ठेवलं, म्हणजे आज एक आणि उद्या दुसरं असं कमी होतं.

दुसरी फेरी तिने स्वतः दुरुस्ती केल्यानंतर. तेव्हा वेगळी सूचना: उरलेल्या चुका सांग, आता बरोबर रूप दे आणि कारण मराठीत एका ओळीत दे, जमेल तिथे मराठी वाक्यरचनेशी जोडून.

पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधली सात-आठ मिनिटं हाच खरा अभ्यास. ‘वाक्य ३, डाइन, लिंवि’ एवढी ओळ समोर आली की डोकं कामाला लागतं: शब्द कुठला, त्याचं लिंग काय, विभक्ती कुठली आणि का. बऱ्याचदा उत्तर तिला येत असायचं, लिहिताना नजर तिथे गेलेली नसायची. येत असूनही झालेली चूक आणि येतच नसल्याने झालेली चूक या दोन वेगळ्या गोष्टी, आणि सुधारून दिलेल्या पत्रात दोन्ही सारख्याच दिसतात. चुकांच्या फाइलीत जाणार ती दुसरीच.

एक पत्र जवळून

पेपरमध्ये तीन लेखनकामं असतात: मित्राला ८० शब्दांचं पत्र, एखाद्या विषयावर ८० शब्दांत मत, आणि ४० शब्दांचं औपचारिक पत्र. वेळ ६० मिनिटं, सुचवलेली विभागणी २०, २५ आणि १५. तिसऱ्या आठवड्यातला एक दिवस घेऊ. काम पहिल्या प्रकारचं: मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावलंय, जमणार नाही. आनंद व्यक्त कर, कारण सांग, दुसरा दिवस सुचव. हे तीन मुद्दे आलेच पाहिजेत; व्याकरण कितीही चोख असलं तरी मुद्दा गाळला की गुण जातात.

वीस मिनिटांत पत्र लिहून झालं. शब्द मोजायला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह: ईमॅक्सने ७६ सांगितले. शब्दसंख्या एआयला विचारू नये. ते आत्मविश्वासाने ८२ सांगेल, कारण मॉडेल शब्द बघत नाही, टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, बघतं.

मग पूर्ण पत्र निवडून पाठवलं. निवडणं विसरलं तर काय होतं? जीपीटेल डिफॉल्टने कर्सरच्या वरचा सगळा मजकूर पाठवतं. म्हणजे फाइलीत वर पडलेली मागची दहा पत्रंसुद्धा जातात. उत्तरात मागच्या मंगळवारच्या चुका येतात, आजच्या दोन सुटतात, आणि टोकन फुकट जळतात. एकदा निवडल्यावर फक्त निवडलेला भाग जातो. उत्तर पत्राच्याच पोटात घुसू नये म्हणून पाठवण्याच्या कळीआधी कंट्रोल-यू दाबून मेनू उघडायचा आणि उत्तर वेगळ्या बफरमध्ये, म्हणजे वेगळ्या पानावर, वळवायचं.

उत्तरात पाच ओळी आल्या. चार बरोबर होत्या. पाचवीत ‘आम जाम्सटाग’ला ‘अव्यय?’ अशी खूण होती, प्रश्नचिन्हासह. ‘शनिवारी’ला जर्मनमध्ये ‘आम जाम्सटाग’च म्हणतात, मॉडेल उगाच अडखळलं. प्रश्नचिन्हाची सोय नसती तर त्याने ते ठामपणे चूक ठरवलं असतं आणि तिने बरोबर शब्द बदलून चूक केली असती.

चारपैकी दोन तिने स्वतः दुरुस्त केल्या. उरलेल्या दोन फाइलीत गेल्या. दिवसाला तीन नोंदींची मर्यादा तिने घालून घेतली होती आणि ती पाळली. पाच, सात, दहा नोंदी केल्या की फाइल फुगते आणि उजळणी होत नाही.

परीक्षकाचीच परीक्षा

एआय न झालेली चूक दाखवतं आणि झालेली सोडून देतं. किती, हे अंदाजाने ठरवू नये. तिने एक चाचणी फाइल केली: पाठ्यपुस्तकातली दहा बिनचूक वाक्यं, आणि मुद्दाम एकेक चूक घातलेली दहा वाक्यं, सगळी सरमिसळ करून. मॉडेल बदललं किंवा सूचनेतला एखादा शब्द जरी बदलला तरी ही वीस वाक्यं आधी पाठवायची. पहिल्या सूचनेने दहा बिनचूक वाक्यांपैकी चारांत खोट्या चुका काढल्या, सगळ्या शैलीच्या नावाखाली. ‘शैलीवर बोलू नकोस’ घातल्यावर एक उरली. घातलेल्या दहा चुकांपैकी नऊ पकडल्या. ही दहा मिनिटांची चाचणी न करता एआयवर विसंबणं म्हणजे तराजू न तपासता वजन करणं.

लिंगाचा निवाडा एआयकडे ठेवलाच नाही. त्यासाठी डीडब्ल्यूडीएस हा बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा मोफत ऑनलाइन शब्दकोश. कर्सरखालचा शब्द त्या संकेतस्थळावर उघडणारी पाच-सहा ओळींची आज्ञा लिहून तिला एक कळ दिली. एक कळ दाबली की लिंग समोर. इतकं सोपं असेल तरच माणूस दरवेळी तपासतो.

मराठी कारणांतही ठेच लागते. स्थान दाखवताना ‘इन डेम त्सिमर’ (डाटिव विभक्ती) आणि हालचाल दाखवताना ‘इन डास त्सिमर’ (अक्कुझाटिव विभक्ती), हा फरक समजावताना मॉडेलने लिहिलं: ‘मराठीत -त प्रत्यय आला की डाटिव’. ऐकायला छान, पण चूक. ‘ती खोलीत आहे’ आणि ‘ती खोलीत गेली’, दोन्हीकडे ‘-त’च. इथे मराठी फरक करतच नाही, म्हणून तिचा आधार घेतला की पडायला होतं. प्रश्न असा विचारायचा: वाक्यात जागा बदलली का? बदलली तर अक्कुझाटिव, नाहीतर डाटिव. मराठीशी जोड फक्त तिथे मागायची जिथे रचना खरोखर जुळते: ‘मला’ आणि ‘मिर’, उपवाक्यातलं शेवटचं क्रियापद, औपचारिक पत्रातलं ‘आपण’ आणि ‘झी’.

माझा टिश, माझी ट्यूअर, माझं फेन्स्टर

लिंगासाठी सापडलेला उपाय कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. मराठी माणूस परक्या शब्दाला सहज लिंग देतो: ती बस, तो मोबाइल, ते टेबल. कुणी नियम शिकवत नाही, पण ‘माझी मोबाइल’ म्हटलं तर कान टवकारतात. हाच कान जर्मनसाठी वापरायचा. कार्डाच्या पुढच्या बाजूला जर्मन नाम, मागच्या बाजूला मराठी विशेषणासकट उच्चार: ‘माझा टिश’ (टेबल), ‘माझी ट्यूअर’ (दार), ‘माझं फेन्स्टर’ (खिडकी), ‘तुझी आइनलाडुंग’. मोठ्याने म्हणायचं.

जर्मनमधलं ‘माइन’ इथे कामाचं नाही. प्रथमेत पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्हींना ‘माइन’च लागतं: माइन टिश, माइन फेन्स्टर. मराठीतलं ‘माझा’ आणि ‘माझं’ त्यांना वेगळं करतं. म्हणजे या एका बाबतीत मराठी कान जर्मन शब्दापेक्षा जास्त सांगतो. ‘माझा टिश’ पहिल्यांदा म्हणताना खटकतं, कारण आपलं टेबल नपुंसकलिंगी. ते खटकणंच लक्षात राहतं.

उजळणी

अंकीत नवीन कार्डांची रोजची मर्यादा मुळात २० असते. साधारण नियम असा की रोज जितकी नवी कार्डं, त्याच्या सात ते दहापट उजळणी काही आठवड्यांत अंगावर येते. नोकरी करणाऱ्याला रोज दीडशे-दोनशे कार्डं झेपत नाहीत. तिने मर्यादा ६ वर आणली, एआयने केलेली जुनी सहाशे कार्डं थांबवून ठेवली आणि २३.१० आवृत्तीपासून अंकीत आलेली एफएसआरएस ही उजळणीची वेळ ठरवणारी पद्धत चालू केली. अपेक्षित स्मरण ९० टक्के हे मुळातलं ठेवलं.

उजळणी फोनवर, गाडीत. कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरचा नऊ-दहा नंबरचा फलाट गाठायचा. मग दिघा गाव, ऐरोली, रबाळे. दहा-पंधरा मिनिटांत वीस-पंचवीस कार्डं होतात. गर्दीत ‘माझी ट्यूअर’ मोठ्याने म्हणता येत नाही, ओठ हलवले तरी चालतं.

इथे एक हमखास घोळ होतो. अंकी-एडिटर ऑर्गकडून अंकीकडे असं एकाच दिशेने चालतं. गाडीत फोनवर कार्डातली चूक दुरुस्त केली आणि घरी येऊन पुन्हा ढकललं, की जुनं वाक्य परत येऊन दुरुस्तीवर बसतं. दुरुस्ती कायम फाइलीतच करायची. फोनवर फक्त झेंडा लावून ठेवायचा. दुसरा घोळ: मथळ्याच्या गुणधर्मांत अंकीचा नोंदक्रमांक असतो. ‘हे काय नको ते’ म्हणून तो पुसला की पुढच्या वेळी ते कार्ड नवीन समजलं जातं आणि उजळणीचा इतिहास जुन्या कार्डापाशी राहतो.

ऑफिसचा मेल नाही

रबाळ्याच्या ऑफिसात जर्मन पुरवठादारांचे मेल येतात. अभ्यासाला ते उत्तम वाटतात, पण कंपनीचा मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायचा नाही. त्यासाठी ओलामा हा प्रोग्रॅम वापरून लॅपटॉपवरच छोटं मॉडेल चालवून पाहिलं. जीपीटेल त्यालाही जोडता येतं, आणि १६ जीबी मेमरीवर सात-आठ अब्ज पॅरामीटरचं आकुंचित मॉडेल चालतं. जर्मनमधल्या ढोबळ चुका ते पकडतं, मराठी कारणं मात्र वाचवत नाहीत. शेवटी मेल बाजूला ठेवून परीक्षेचे नमुना प्रश्न घेतले.

कागद

नवव्या आठवड्यापर्यंत चुका शंभर शब्दांमागे सहावर आल्या होत्या. मग शिक्षिकेने एक पत्र कागदावर, पेनाने लिहायला लावलं. चुका नऊ. टिंबं राहिली, मोठ्या अक्षरात सुरू होणारी नामं लहान अक्षरात गेली, आणि वाक्य अर्ध्यात आल्यावर मागे जाऊन शब्द हलवायची सोय नसल्याने क्रम बिघडला. एडिटरमध्ये माणूस आधी लिहितो आणि मग विचार करतो. पेनाने लिहिताना हे चालत नाही. परीक्षा कागदावर द्यायची असेल तर सरावाचा शेवटचा चतुर्थांश तरी कागदावर हवा. शेवटचे तीन आठवडे तिने पत्रं वहीत लिहिली आणि नंतर चुकांसकट, काही न बदलता टाइप करून पाठवली. टाइप करताना हात आपोआप दुरुस्ती करतो. ते टाळायला दोन दिवस गेले.

शेवटच्या सहा पत्रांत सरासरी शंभर शब्दांमागे पाच चुका. शब्दक्रमाच्या जवळपास संपल्या, कारण तिथे नियम एक आहे आणि मराठीचा आधार पक्का आहे. लिंगाच्या निम्म्या झाल्या. पुन्हा दिलेल्या लेखनाच्या भागात ६९ गुण मिळाले.

शब्दयोगी अव्ययं जिथे होती जवळपास तिथेच राहिली. प्रत्येक क्रियापदाचं अव्यय वेगळं असतं, एकाची दुरुस्ती दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि दिवसाला तीन नोंदींच्या वेगाने ती संपत नाहीत. ‘वाट बघणे’ म्हणजे ‘वार्टन आउफ’. मराठीत इथे अव्ययच नाही, म्हणून रिकाम्या जागी इंग्रजीचं ‘फॉर’ येऊन बसतं आणि ‘वार्टन फ्युअर’ होतं. हे कार्ड आठव्यांदा चुकल्यावर अंकीने त्याला लीच (सतत चुकणारं कार्ड) ठरवून बाजूला टाकलं. असं कार्ड तसंच परत आणून उपयोग नसतो, ते नव्याने लिहावं लागतं. आता पुढच्या बाजूला ‘नऊ नंबरवर पनवेल गाडीची वाट बघतेय’ आहे आणि मागे ‘इश वार्टं आउफ डेन त्सूग नाख पनवेल’. ते सकाळी फलाटावर पोचल्यावरच उघडायचं, आधी नाही.